टाकलेली हलगी, रविवारचा कीबोर्ड

हे पुस्तक गाण्याविषयी आहे, आणि ज्या घरांत गाण्यावर पहारा होता त्या घरांविषयीही आहे. नाशिक, नाशिकरोड, देवळाली, ओझर, निफाड, सिन्नर या टापूतल्या पेंटेकॉस्टल कुटुंबांत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांनी आपापल्या आठवणी इथे सांगितल्या आहेत. गावाच्या लेखी ही सगळी ‘ख्रिश्चन’ माणसं. आपसांत मात्र ती स्वतःला विश्वासी म्हणवतात, भेटल्यावर ‘प्रेझ द लॉर्ड’ म्हणतात, आणि शरणपूरच्या जुन्या चर्चला जाणाऱ्या सख्ख्या चुलत्या-मावश्यांनाही ‘नावाचे ख्रिस्ती’ समजतात. मी अशाच एका घरात वाढले. म्हणून ही प्रस्तावना तिऱ्हाइताची नाही. ज्या माणसांनी मला बाहेरचं गाणं ऐकू दिलं नाही, त्यांच्याच तोंडून मी गाणं शिकले. त्यांची मनाई आणि त्यांचं गाणं एकाच मुळातून आलेलं होतं, असं माझं म्हणणं आहे. ते मूळ दाखवायचं तर शंभर-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी घर कसं असतं ते सांगते, कारण बहुतेक मराठी वाचकांच्या मनातला ख्रिस्ती माणूस हिंदी सिनेमातून आलेला आहे. त्याच्या हातात गिटार असते, घरात वाइन असते, आणि तो लग्नात नाचतो. विश्वासी घरात यातलं काहीच नसतं. दारू नाही, तंबाखू नाही, सिनेमा नाही. बायकांच्या कपाळाला टिकली नाही, हातात बांगडी नाही. जुन्या चर्चच्या बायका क्रूसाचं पान घातलेलं मंगळसूत्र घालतात. आमच्याकडे तेही काढून ठेवलेलं. वरातीत पाय हलवायचा नाही. गणपतीचा प्रसाद घ्यायचा नाही, पण देणाऱ्याचा अपमानही करायचा नाही, हे फार कठीण काम मुलांवर सोपवलेलं असतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी वर्गशिक्षिकेला द्यायची एक चिठ्ठी दरवर्षी घरून यायची: माझी मुलगी नाचाच्या कार्यक्रमात भाग घेणार नाही, कळावे. बाई ती वाचून घडी घालून हजेरीपटात ठेवायच्या आणि मला वेशभूषेच्या खोलीत साड्यांच्या पिना सांभाळायला बसवायच्या. तालमीचं गाणं तिथे भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. त्या गाण्यांना आमच्या घरात ‘जगिक गाणी’ म्हणत. याकोबाच्या पत्रात जगाशी मैत्री करणं म्हणजे देवाशी वैर करणं असं सांगितलं आहे, योहानाच्या पहिल्या पत्रातही जगावर प्रीती करू नका असं आहे, आणि त्या दोन वचनांच्या आधाराने लता मंगेशकरांपासून आनंद शिंद्यांपर्यंत सगळे एकाच यादीत बसत.

आता याच घराची दुसरी बाजू. रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना, आणि प्रार्थनेच्या आधी गाणं. शुक्रवारी उपास-प्रार्थना, तिथे गाणं. महिन्यातून एखादी रात्र जागरणाची, तिथे तर रात्रभर गाणं. रविवारची उपासना तीन तासांची, त्यातला पहिला तास निव्वळ गाण्याचा. टाळ्या, खंजिरी, ढोलक. पुढे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ड्रमसेट. चार वर्षांच्या मुलाला खुर्चीवर उभं करून माइक तोंडाशी धरतात आणि सगळी मंडळी त्याचं ‘विशेष गीत’ ऐकते. चुकला तरी ‘आमेन’ म्हणते. एरवी नाशिकच्या मध्यमवर्गीय मराठी घरात मुलाला गाणं शिकवायचं तर क्लास लावावा लागतो, परीक्षा द्याव्या लागतात. आमच्याकडे गाणं हे भाकरीसारखं रोजचं होतं. ज्या पोराचा कान असा आठवड्याचे सातही दिवस तयार होत राहतो, त्याला रिक्षातलं गाणं ऐकू येऊ नये अशी अपेक्षा कशी करायची?

आणि नाशिक तर या बाबतीत फारच अवघड गाव. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत काढल्यावर १९१३ मध्ये ते आपला कारखाना घेऊन नाशिकला आले, पुढचे कितीतरी चित्रपट त्यांनी इथे काढले, आणि १९४४ मध्ये याच गावात गेले. जिथे भारतीय सिनेमाने पहिली पावलं टाकली त्या गावात आम्ही सिनेमा न बघता वाढलो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या निघाल्या की टाळ-मृदंग घरापर्यंत येत. भाद्रपदात ढोल. नाशिक ढोल आता महाराष्ट्रभर आणि बाहेरही जातो, पण तो त्याच्या गावात, अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत येताना ऐकावा. छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. खिडक्या लावून काही उपयोग होत नसे. आणि एप्रिलच्या चौदा तारखेला शेजारच्या वस्तीत रात्रभर भीमगीतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ पर्यंत आमच्यात होते. त्यांची गाणी आमच्या घरात कुणी म्हणत नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होती.

या घरांच्या कडकपणाचा उगम अमेरिकेत आहे असं बाहेरचे लोक सहज म्हणतात, आणि ते अर्धवटच खरं आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभा १९०६ मध्ये सुरू झाल्या आणि पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास पुष्कळदा तिथून मोजला जातो. पण त्याच्या आदल्या वर्षी, जून १९०५ मध्ये, दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात हीच आग पेटली होती. दुष्काळातून, वैधव्यातून, टाकून दिलेल्या स्थितीतून आलेल्या शेकडो मुली आणि बाया तिथे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अंग जळतंय म्हणू लागल्या. ज्यांना उभ्या आयुष्यात कुणी मोठ्याने बोलू दिलं नव्हतं त्यांचा तो आवाज होता. पाहुण्या मिशनऱ्यांपैकी काहींना तो गोंगाट वाटला. रमाबाईंनी त्या मुलींची बाजू घेतली. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी या घटनेवर छोटं पुस्तक लिहिलं, ते चिलीतल्या वाल्पारायझोला पोचलं, आणि तिथल्या पेंटेकॉस्टल मंडळीचा उगम त्या पुस्तकाशी जोडला जातो. म्हणजे ही चळवळ आपल्याकडे नुसती आली नाही, आपल्याकडून गेलीसुद्धा. मोठ्या आवाजाची, अंगाने करायची, रडत-हसत करायची ही उपासना मराठी मातीला परकी नव्हती.

नाशिकात ती दोन वाटांनी रुजली. एक वाट मलयाळी कुटुंबांची. ओझरचा विमानांचा कारखाना, नाशिकरोडचं सिक्युरिटी प्रेस, देवळालीची छावणी, सातपूरच्या कंपन्या, दवाखाने यांत नोकरीला आलेल्या केरळी घरांतून प्रार्थनासभा भरू लागल्या. केरळात ही चळवळ १९२० च्या दशकापासून घट्ट उभी होती, आणि दागिने, सिनेमा, औषधापेक्षा प्रार्थनेवर भिस्त असे तिचे नियम तिकडेच पक्के झाले होते. दुसरी वाट आमच्यासारख्यांची. अहमदनगर, नाशिक, जालना या पट्ट्यात गेल्या दीडशे वर्षांत ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ घराण्यांचं मूळ गावकुसाबाहेरच्या महार आणि मांग वस्त्यांत आहे. त्यांतली काही घरं जुन्या चर्चमधून, काही थेट गावातून, या नव्या मंडळ्यांत आली.

माझे आजोबा असे थेट आलेले. निफाडकडच्या एका गावात आमच्या घराण्याकडे हलगी होती. होती म्हणजे हौसेची नव्हती. लग्न असो, पोळा असो, देवीची यात्रा असो, कुणाच्या दारात मयत होवो, हलगी घेऊन हजर व्हायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. मांडवाबाहेर बसायचं, पंगती उठल्यावर उरलेलं पदरात घ्यायचं, आणि वाजवणारा रात्रभर टिकावा म्हणून गावच दारू पाजायचं. दारू हा मजुरीचाच भाग. आजोबांचे वडील त्या दारूनेच गेले असं घरात सांगत. आजोबांनी दारणा नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला त्या आठवड्यात हलगी भावकीत देऊन टाकली आणि पुन्हा गावच्या मांडवाबाहेर बसले नाहीत. गावाने त्याचा राग धरला. पुढे ते नाशिकला आले, मोलमजुरी केली, पोरं शिकवली. त्यांच्या तोंडी ‘जगिक संगीत’ हे शब्द येत तेव्हा त्यांच्यासमोर कुठली नटी नव्हती. मांडवाबाहेरची ती जागा होती.

हे कळलं की मनाईचा अर्थ बदलतो. शहरात वाढलेल्या, सवर्ण घरातून आलेल्या वाचकाला ‘मुलांना गाणी ऐकू देत नाहीत’ हा नुसता जाच वाटेल. पण ज्याच्या घराण्याला वाजवण्याची सक्ती होती, त्याने वाजवणं थांबवणं ही त्याच्या आयुष्यातली पहिली स्वतःची निवड होती. दारू, जुगार, तमाशाचा फड, ऑर्केस्ट्राची रात्र आणि पगाराचं पाकीट रिकामं होणं, ही साखळी आमच्या वस्त्यांत प्रत्येक बाईला माहीत होती. नवरा विश्वासात आला, त्याने हे सगळं एका दिवशी सोडलं, आणि घरात धान्य भरलं जाऊ लागलं. त्या बाईला गाण्याची भीती का वाटते हे तिला विचारावं लागत नाही.

पण हात विसरत नाहीत. आजोबा प्रार्थनेला बसले की मांडीवरच्या पवित्र शास्त्राच्या पुठ्ठ्यावर त्यांची बोटं पडत. डाव्या हाताची करंगळी आणि उजव्याचा तळवा, हलगीची काडी आणि टिपरू जिथे पडतात तिथेच. मंडळीतला ड्रम वाजवणारा पोरगा घाईला आला की उपासना संपल्यावर ते त्याला बाजूला घेत. हात उतावळा पडतोय, म्हणत. गाणाऱ्याला श्वास घेऊ दे, तू त्याच्या मागे चाल. त्या पोराला ताल कुणी शिकवला असं विचारलं तर तो पवित्र आत्म्याने म्हणेल. मी आजोबांचं नाव घेईन. त्या दोन उत्तरांत मला विरोध दिसत नाही.

मराठी माणसाने हा प्रश्न याआधी वेगळ्या प्रकारेही सोडवून पाहिला आहे, आणि त्यातली बरीच माणसं नाशिकचीच किंवा नाशिकशी जोडलेली आहेत, ही गोष्ट मला या पुस्तकाच्या निमित्ताने फार महत्त्वाची वाटू लागली. नारायण वामन टिळक तरुणपणी नाशिकला होते. लक्ष्मीबाई जवळच्याच जलालपूरच्या. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मराठी चर्चमध्ये विलायती चालींवर बसवलेली गीतं पुष्कळ होती. त्याआधी नगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली होती. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजनाचा ठेका घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते उघड सांगत. आजही मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची पदं शेकड्याने मोजावी लागतात. टिळकांनी जुनी चाल टाकली नाही, तिच्यात नवा देव गायला.

निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक यांनीही १९३० च्या दशकात जलशाच्या बाबतीत असंच केलं. तमाशाची ढोलकी, गण, बतावणी हा सांगाडा त्यांनी ठेवला, बीभत्स तेवढं काढलं आणि बाबासाहेबांचा विचार गावोगावी नेला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला त्या काळातली ही गोष्ट. ज्या वस्त्यांतून आमचे आजोबा आले त्याच वस्त्यांतून ही माणसं आली होती. त्यांनी ढोलकी ठेवली. आमच्यांनी खाली ठेवली.

आणि विष्णू दिगंबर पलुस्कर. गाण्याला भल्या घरांत जागा मिळावी म्हणून बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घालणारा हा माणूस १९२० च्या दशकात पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढून राहिला होता. शब्द जगाचे असतील तर सूरही बाटतो, ही शंका एकट्या पेंटेकॉस्टल पास्टरांची नाही. आपल्या शास्त्रीय संगीताच्या सगळ्यात मोठ्या शिक्षकांपैकी एकाने ती मनापासून बाळगली होती. एवढं लक्षात ठेवलं तर या पुस्तकातल्या आई-बापांना कुणी अडाणी म्हणणार नाही.

पेंटेकॉस्टल मंडळ्यांत टिळकांची पदं मात्र मागे पडत गेली. आमच्याकडे ती ‘जुनी गाणी’. त्यांच्याऐवजी कोरस आले: चार ओळींचे, इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत उतरलेले, टाळीवर चालणारे, पुन्हा पुन्हा म्हणत गेलं की अंगात भिनणारे. माझं मत विचाराल तर शब्दांच्या बाजूने हा तोटाच झाला. टिळकांच्या पदांवर वाढणाऱ्या मुलाला मराठी कविता फुकट मिळत होती. ती आम्हाला शाळेच्या पुस्तकापर्यंत मिळाली नाही. पण ठेक्याच्या बाजूने आम्ही श्रीमंत झालो. आणि गंमत अशी की हा ठेका दर दहा वर्षांनी सिनेमाच्या ठेक्याबरोबर बदलत गेला. जे वाद्य आज लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जगिक, तेच तीन वर्षांनी व्यासपीठावर पवित्र. सिंथेसायझर असा आला, ऑक्टोपॅड असा आला. ते आणणारी पोरं बाहेरचं ऐकत होती म्हणूनच ते आत आलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती पोरं कशी ऐकत होती हे या पुस्तकात ठिकठिकाणी येईल. आई-वडिलांच्या पिढीत रेडिओ सिलोन होता. १९५२ पासून बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींची बिनाका गीतमाला, आणि त्याच स्टेशनवर इतर वेळी ख्रिस्ती प्रवचनं. प्रवचनासाठी घेतलेल्या रेडिओवर गीतमाला ऐकायला काटा हलवावासुद्धा लागत नसे. आमच्या पिढीत कॅसेट आली. घरात प्रवचनांच्या कॅसेटींचा डबा भरलेला. भरलेल्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीच्या कडेला दोन बारीक चौकोनी पट्ट्या तोडलेल्या असतात. त्या भोकांवर सेलोटेप चिकटवला की तिच्यावर रेकॉर्डिंग होतं. माझ्या मोठ्या भावाने हे कुठून तरी शिकून घेतलं आणि शेजाऱ्यांच्या टू-इन-वनवरून ‘आशिकी’ची गाणी भविष्यवाणीवरच्या एका प्रवचनावर भरली. गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत मधे जो तुकडा उरे त्यात त्या प्रवचनकारांचा आवाज यायचा, दीड-दोन वाक्यं, चढत्या सुरातली, आणि पुन्हा कुमार सानू. आम्ही रजईत डोकं घालून ती ऐकायचो. कित्येक वर्षांनी ‘आशिकी’ची खरी कॅसेट ऐकली तेव्हा दोन गाण्यांच्या मधली शांतता मला सहन होईना, तिथे पुढचं वाक्य आपसूक ओठांवर यायचं. भावाला ते सगळं प्रवचन आजही तुकड्यातुकड्यांनी पाठ आहे.

बाहेरच्या जगात या ओढाताणीची मोठी उदाहरणं आहेत आणि ती इथल्या मुलांच्या फार उशिरा कानी आली. अमेरिकेतली रोझेटा थार्प ही पेंटेकॉस्टल सभांमध्ये आईबरोबर गिटार घेऊन गात वाढली. १९३८ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये नाचगाण्याच्या मैफलीत तीच भक्तिगीतं म्हटली, रेकॉर्ड काढल्या, आणि चर्चच्या पुष्कळ माणसांची मनं दुखावली. रॉक अँड रोलच्या पहिल्या फळीत तिचं नाव आता मानाने घेतात. त्याच फळीतला जेरी ली लुइस हा असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीतला. पुढे दूरचित्रवाणीवरून जगभर पोचलेले प्रचारक जिमी स्वॅगर्ट हे त्याचे मावसभाऊ. दोघं एकाच गावात पियानोवर वाढले. १९५७ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एक गाणं भरायच्या आधी जेरी लीने मालकाशी वाद घातला की हे संगीत सैतानाचं आहे, आणि हे गाताना माणसाचं तारण कसं होणार. टेप चालू होती म्हणून तो वाद आजही ऐकायला मिळतो. त्यानंतर त्याने ते गाणं गायलं आणि ते जगभर गेलं. मी तो वाद ऐकला तेव्हा त्यातल्या इंग्रजीपलीकडे मला आमच्याच मंडळीतल्या पोराचा आवाज ऐकू आला. तो भोंदूपणा करत नव्हता. त्याला खरोखर भीती वाटत होती आणि त्याला खरोखर वाजवायचं होतं.

गोव्याच्या कॅथलिक वादकांशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होतं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही मंडळी मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात पोचली. त्या पिढीतल्या पुष्कळ गोवेकरांना चर्चच्या शाळेतच स्वरलेखन आणि व्हायोलिन मिळालं होतं. रविवारी मिस्साला वाजवायचं आणि सोमवारी स्टुडिओत, यात त्यांना आत्मा गमावल्यासारखं वाटलं नाही. आमच्याकडे ती फारकत इतकी तीव्र का? कारण आमच्या उपासनेत गाणं हे सजावट नाही. गाणं चढत गेलं की आत्मा उतरतो, माणूस अन्य भाषेत बोलू लागतो, रडतो, आजार बरा झाला म्हणतो. गाण्यात एवढी ताकद आहे असं जो मनापासून मानतो, तो दुसऱ्या गाण्यातही तेवढीच ताकद आहे असं मानणारच. रिक्षावाल्याच्या कानाला सिनेमाचं गाणं म्हणजे करमणूक. आमच्या आईच्या कानाला ते दुसऱ्या कुणाची तरी उपासना होती. तिने गाण्याला जेवढं गंभीरपणे घेतलं तेवढं मी पाहिलेल्या एकाही संगीत समीक्षकाने घेतलेलं नाही.

या पुस्तकात सर्वांत जास्त पानं कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलांची आहेत, आणि ते साहजिक आहे. मंडळीतल्या कीबोर्डवाल्याला जे येतं ते कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. एखादी म्हातारी सिस्टर साक्ष द्यायला उभी राहते आणि मधेच तिला सुचेल त्या पट्टीत गाणं सुरू करते. दुसऱ्या ओळीच्या आत पट्टी शोधून तिला सांभाळून घ्यायचं. तिसऱ्या कडव्याला ती चढली तर तिच्याबरोबर चढायचं. पास्टर प्रार्थना करत असताना खाली मंद सूर धरून ठेवायचे, त्यांचा आवाज भरून आला की सूर भरायचे, ते थांबले की थांबायचं. समोर कागद नाही, खूण करणारं कुणी नाही, सगळं लक्ष माणसाच्या श्वासावर. लग्नाचे ऑर्केस्ट्रे अशा पोरांच्या शोधातच असतात. शनिवारी रात्री लॉन्सवर वाजवून पहाटे घरी येणारा आणि नऊला पांढरा शर्ट घालून उपासनेला बसणारा पोरगा नाशिकच्या कितीतरी मंडळ्यांत सापडेल. उघडकीला आलं की त्याला व्यासपीठावरून उतरवतात, काही महिने मागच्या बाकावर बसवतात. इथल्या काहीजणांनी त्या मागच्या बाकाबद्दल लिहिलं आहे. दुसऱ्या कुणाच्या हातचा चुकीचा सूर ऐकत गप्प बसणं ही त्यातली सगळ्यात जड गोष्ट होती, असं जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं आहे. काही त्या बाकावरून उठून कायमचे गेले. काही परत वर गेले आणि आता पास्टर आहेत. एकाने ऑर्केस्ट्रा आणि मंडळी दोन्ही सोडून पियानो दुरुस्तीचं काम धरलं. त्याचं लेखन मला या संग्रहात सगळ्यात आवडतं, आणि त्यात देवाबद्दल एक अक्षर नाही.

मुलींची पानं कमी आहेत आणि ही उणीव मला टोचते. मुलग्याची चूक व्यासपीठावरून उतरण्याएवढी. मुलीने लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणं म्हणजे तिच्या लग्नाचाच प्रश्न. आमच्या घराण्यांच्या स्मृतीत नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईचं जे झालं ते फार जवळचं आहे. आया-आज्यांनी त्या आठवणीवर डोक्याचा पदर घट्ट ओढून घेतला आहे. त्यामुळे आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या आवाजाच्या मुली आयुष्यभर ‘कोरस’मध्ये राहिल्या, माइकच्या मागच्या ओळीत. माझी एक वर्गमैत्रीण, जिचा आवाज ऐकून गल्लीतली माणसं उपासनेच्या दाराशी उभी राहायची, तिने इथे लिहायला नकार दिला. नाव नको म्हणाली तरी लिही म्हटलं. तरी नको म्हणाली. ती गाते मात्र. सकाळी धुणं धुताना टिळकांचं पद, त्याला लागूनच सिनेमाचं गाणं, पुन्हा पद, मधे कुठे थांबत नाही.

आता तर पहारा ठेवायचा तरी कुठे, असा प्रश्न नव्या पास्टरांपुढे आहे. फोनवर सगळं आहे. ‘सैराट’चं ‘झिंगाट’ २०१६ मध्ये आलं तेव्हा आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमधली पोरं ते शब्दांशिवाय टेबलावर वाजवत होती, आणि संडे स्कूलची टीचर, जी स्वतः कधीकाळी साड्यांच्या पिना सांभाळत बसलेली होती, ती त्यांना गप्प करायला गेली नाही. काही मंडळ्यांत नियम सैल झाले आहेत, काहींत अधिक आवळले आहेत. शिवाय धर्मांतराच्या संशयाने प्रार्थनासभांकडे बघण्याची बाहेरची नजर गेल्या काही वर्षांत बदलली आहे, आणि घराबाहेर भीती वाढली की घरातले नियम कडक होतात. तेव्हा हे पुस्तक संपलेल्या काळाची आठवण म्हणून कुणी वाचू नये.

लेखांचा क्रम वयाप्रमाणे लावला आहे. ज्यांनी हलगी हातात धरलेली होती त्यांची, म्हणजे त्यांच्या मुला-नातवंडांनी लिहून घेतलेली, कथनं पहिल्या भागात आहेत. त्यांची बोली निफाड-येवल्याकडची आहे आणि ती तशीच ठेवली आहे. दुसऱ्या भागात रेडिओ आणि कॅसेटची पिढी. तिसऱ्यात आजचे वादक, त्यांतले दोघे अजून मागच्या बाकावर आहेत. सर्वांची नावं बदललेली आहेत, मंडळ्यांची नावं काढली आहेत. गाण्यांचे शब्द कुठेच छापलेले नाहीत, कारण काहीजणांनी आई हयात असेपर्यंत ते नकोत अशी अट घातली होती आणि ती सर्वांसाठीच पाळणं आम्हाला योग्य वाटलं.